भोईर बाईंचे पत्ते

भोईर बाईंच्या हातात कागदांचा कुठलाही गठ्ठा आला की त्या तो पिसायच्या. उत्तरपत्रिका, रजेचे अर्ज, हजेरीची सुटी पानं, काहीही. एकदा मुख्याध्यापक गोरे सरांनी नव्या मुलांचे दाखले आडनावांप्रमाणे लावून त्यांच्या हातात दिले आणि म्हणाले, "जरा नजर टाका." बाईंनी बोलता बोलता ते असे पिसले की पुन्हा लावायला कारकुनाची दुपार गेली.

"सर, मी नाय करत," बाई म्हणाल्या. "हात करतो."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोपरखैरण्यातल्या एका मराठी शाळेत मी चौथीला शिकवत होते आणि भोईर बाई पहिलीला. शाळेच्या एका बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे उभे राहत होते, दुसऱ्या बाजूला अजून गवत होतं. मुलं मुख्यतः दोन प्रकारची. एक बोनकोड्यासारख्या जुन्या गावांतली आगरी मुलं, आणि दुसरी तुर्भ्याच्या घाऊक बाजारात गोणी उचलायला साताऱ्याकडून आलेल्या माणसांची. भोईर बाई बोनकोड्याच्या सून, माहेर उरणकडचं. डी.एड. झालेल्या. फळ्यासमोर पुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि फळ्याकडे पाठ केली की आपलं.

बाई चांगल्या उंच होत्या, खांदे रुंद. वर्गात शिरताना चपला बाहेर, पदर कमरेला आणि बसायचं सतरंजीवर. त्यांच्या वर्गातली खुर्ची ज्याच्या पोटात दुखत असेल त्याच्यासाठी राखीव होती. पहिलीत रोज कुणाच्या तरी पोटात दुखतंच, त्यामुळे खुर्ची रिकामी नसायची.

शिक्षकखोलीत बिस्किटांचा पुडा त्यांनी फोडला तर उजव्या हाताच्या माणसापासून एकेक बिस्किट टाकत जायच्या, दोन फेऱ्या पूर्ण करायच्या आणि उरलेलं मधोमध ठेवायच्या. कुणी हात पुढे केला की म्हणायच्या, "थांब, तुजी पाळी नाय आली." मुलांच्या सहलीला चपात्या वाटल्या तर त्याही अशाच. एरवी भांडखोर असलेली आमची शाळा वाटणीवरून कधी भांडली नाही, हे श्रेय त्यांना द्यायला हवं.

पत्त्यांचं वेड त्यांना माहेरून आलेलं. तिकडे गणपतीत घरोघर पत्त्यांचे डाव पडतात. बाया, माणसं, पोरं, सगळे खेळतात. गणपती गेले की कॅट कपाटावर जातो आणि वर्षभर खाली येत नाही. एरवी कुणी पत्ते काढले तर त्याला वाया गेलेला म्हणतात. बाई आत्याच्या मांडीवर बसून डाव बघायच्या आणि शाळेत जायच्या आधीच त्यांना आकडे यायला लागले.

"पयल्या दिवशी मास्तरांनी मोजायला सांगितलं," त्या सांगायच्या. "मी आपली ठसक्यात सुरू झाली. आठ, नऊ, दहा, गुलाम, रानी, राजा. मास्तरांनी एक ठेवून दिली. राजानंतर काय येतं ते सांगायचंच राहिलं."

म्हणून त्यांच्या वर्गात गुलाम, राणी आणि राजा यांना बंदी होती. बाजारातला कॅट तर चालणारच नव्हता, कारण त्यावर इंग्रजी आकडे. बाईंनी पत्ते घरी बनवले. लग्नपत्रिकांचे. आगरी गावात लग्न म्हणजे सगळ्या गावाला आमंत्रण, त्यामुळे बोनकोड्यात पत्रिकांना तोटा नव्हता. पत्रिकेचा जाड भाग कापायचा, कोऱ्या बाजूवर काळ्या शाईने ठसठशीत आकडा काढायचा, झाला पत्ता. शाळेत कुणी लग्नाचं आमंत्रण द्यायला आलं की बाई मुहूर्त नंतर विचारायच्या, आधी कागद चिमटीत धरून बघायच्या.

मी त्यांना सुचवलं होतं की आकड्याखाली तितके ठिपके काढा, मुलांना सोपं जाईल.

"मग पोरं ठिपके मोजतील. आकड्याकडं बघेल कोन?"

ठिपके नव्हते, पण आकड्याखाली एक आडवी रेघ होती. तीनचा पत्ता उलटा धरला तर लहान मुलाला तो सहासारखा दिसतो. म्हणून ही रेघ म्हणजे जमीन. आकडा जमिनीवर उभा पाहिजे, डोक्यावर नाही. मुलांना हे इतकं पटलं की ती वहीतही प्रत्येक आकड्याखाली जमीन काढायला लागली. दुसरीच्या बाई वैतागायच्या. त्यांच्याकडे आलेली मुलं बेरजेत दोन आकड्यांच्या मध्येसुद्धा जमीन घालायची आणि मग उत्तर कुठली रेघ सोडून लिहायचं ते कळायचं नाही.

खेळ साधे होते. 'जोडी'मध्ये सगळे पत्ते सतरंजीवर पालथे मांडायचे आणि एकासारखा दुसरा शोधायचा. 'मोठा खातो'मध्ये प्रत्येकाने गठ्ठ्यातला एक पत्ता उलटायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने सगळे घ्यायचे. माझा वर्ग शेजारीच होता. माझी चौथीची मुलं भागाकाराशी झुंजत असायची आणि भिंतीपलीकडून आरोळी यायची, "खाल्ला! नवानं पाचाला खाल्ला!" माझ्या वर्गातले निम्मे त्या बाजूला कान लावून बसायचे. मी भिंतीवर डस्टर आपटायचे. पलीकडून बाई भिंतीवर डस्टर आपटायच्या. त्यांना वाटायचं, मी शाबासकी देते आहे.

त्या वर्षी जूनमध्ये आलेला वर्ग भलताच हुशार निघाला. मुलं पत्ता उलटायच्या आधी आकडा सांगायची. 'जोडी'त तर एकही हात फुकट जायचा नाही. बाई शिक्षकखोलीत सांगत सुटल्या. "सावंतबाई, अशी पोरं मी बघितली नाय. उलटा पत्ता वळखतात. काय ती आठवन!" मीही म्हटलं, वा.

श्रावणात मनीषाची आई आली.

मनीषा कदम ही पहिलीतली लहानखुरी, दोन घट्ट वेण्या घातलेली मुलगी. तिचे वडील बाजारात हमाल. आई पाटणकडची, उभ्याने बोलणारी बाई. ती थेट गोरे सरांच्या खोलीत गेली आणि तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"आवो सर, बाजारातनं सुटलं की आमचं मालक पत्त्याला बसत्यात. घराची शुद्ध न्हाई त्यास्नी. आन् माझी पोर घरी येऊन मला सांगती, आई, मी आज डाव मारला! तुमी शाळा काढलीया का अड्डा?"

गोरे सर सज्जन होते, पण भित्रे. आसपास इंग्रजी शाळा निघत होत्या, मुलं गळत होती, आणि एक आई ओरडली की त्यांना तिच्यामागे दहा दिसायच्या. त्यांनी शनिवारी पालकसभा ठेवली. भोईर बाईंनी सगळ्यांसमोर मुलांना आकडे ओळखायला लावायचे. पालकांचं समाधान झालं तर पत्ते राहतील. नाही झालं तर दिवाळीनंतर पहिली दुसऱ्या बाईंकडे जाईल आणि भोईर बाईंना सातवीचा भूगोल मिळेल.

"सातवीच्या पोरांचे पाय लांब असतात," बाई म्हणाल्या. "सतरंजीवर मावत नाय." त्या हसून म्हणाल्या, पण त्या दिवशी बिस्किटं वाटताना मला तीन आली आणि चित्रकलेच्या सरांना एक. एवढी चूक त्यांनी कधी केली नव्हती.

सरांनी आणखी एक केलं. सभेला शाळेच्या ट्रस्टची मंडळी येणार, त्यांच्यासमोर मळक्या लग्नपत्रिका बऱ्या दिसणार नाहीत, म्हणून त्यांनी पांढराशुभ्र पुठ्ठा आणून दिला. बाईंनी रात्रीतून नवे पत्ते केले. आकडे तेच, जमीन तीच.

सभेला गर्दी होती. बाईंनी मुद्दामच मनीषाला पुढे बोलावलं आणि सातचा पत्ता तिच्या हातात दिला.

मनीषाने पत्ता पुढून बघितला. मग उलटला. मागे कोरं. पुन्हा पुढून, पुन्हा मागून.

"ह्याला मोर न्हाई," ती म्हणाली.

"कसला मोर?" गोरे सरांनी विचारलं.

"पाठीवर मोर असला की सात."

"आनि आठवर समई," मागून एक बोनकोड्याचा मुलगा ओरडला. "पाचचा कागद पिवला."

बाईंनी मुलांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "आनि तीनवर?"

"गणपती!" सगळा वर्ग एका सुरात. "सोंड कापलेला!"

काय झालं होतं ते आम्हाला तेव्हा कळलं. त्या वर्षी पत्ते करताना बाईंनी प्रत्येक आकड्यासाठी वेगळ्या लग्नाची पत्रिका कापली होती. मुलांना आकडा वाचायची गरजच पडली नव्हती. मोर दिसला की सात, पिवळा कागद दिसला की पाच. मुलं पत्रिका ओळखून खेळ जिंकत होती. वर्गातल्या थोड्यांना आकडे खरोखर येत होते, बाकीच्यांना बोनकोड्यातली लग्नं.

बाई एकदम हसल्या. मोठ्याने, पोट धरून. ट्रस्टच्या माणसांना काय करावं सुचेना.

"हसताय काय, बाई?" मनीषाची आई उभीच होती.

"मग काय करू, वैनी? जूनपासून मला वाटतंय मी ह्यांना शिकवतेय. ही पोरं माजाच डाव माज्यावर उलटवत होती. हुशार आहेत, पन आकडे येत नाय त्यांना. हे माजं चुकलं."

मनीषाच्या आईला भांडायची तयारी करून आल्यावर समोरच्याने कबूल केलेलं आवडलं नसावं. तिने पोरीकडे बघितलं. "उलटा पत्ता वळखती व्हय गं? आमच्या मालकास्नी उताणा पत्ता बघून अक्कल यीना!"

पालकांत हशा पिकला. तिने हात वर करून तो थांबवला. "पर ह्ये काय शिक्षान न्हवं. बसस्टॉपवर हिला पाटीवरचा सात दिसत न्हाई. बस निघून जाती आन् ही म्हंती, कुटं हाय सात? दिवाळीपतूर हिला आकडा वाचता आला पायजे. न्हाईतर पत्ते बंद, आन् बाई पन बदला."

सरांनी मान हलवली. म्हणजे दिवाळीपर्यंत मुदत, आणि परीक्षक मनीषाची आई.

मी बाईंना म्हटलं, आता हे खेळ बाजूला ठेवा. फळ्यावर एक ते दहा लिहा, रोज घोकून घ्या, दिवाळीपर्यंत कुणालाही येईल. मला त्यांची पहिली जायला नको होती, आणि घोकंपट्टीत मला काही वाईट दिसत नाही.

"घोकतील की," बाई म्हणाल्या. "एक वर, दहा खाली. मग पोरगा जागा पाठ करतो. मधला सात पुसून कोपऱ्यात लिवला की पुन्हा मोर शोधतो. सावंतबाई, पोर नेहमी जवळची वाट धरतं. आपन ती वाट बंद करायची, एवढंच."

मे महिन्यात त्यांच्या दिराच्या मुलाचं लग्न झालं होतं. दिरांनी हौसेने भरमसाट पत्रिका छापल्या होत्या आणि उरलेला गठ्ठा माळ्यावर पडला होता. बाईंनी तो सगळा शाळेत आणला. आता सगळ्या पत्त्यांच्या पाठीवर एकच गुलाबाचं फूल आणि एकाच नवरा-नवरीची नावं. कोपरा मुडपला की पत्ता बाद. डाग पडला की बाद. मुलं तरी प्रयत्न सोडत नव्हती. एकाने नवाच्या पत्त्याला नखाने खूण केली, ती बाईंनी दुसऱ्या दिवशी पकडली आणि त्याला शाबासकी देऊन पत्ता फाडला. त्या गुलाबाच्या नवऱ्याला मात्र त्रास झाला. तो गावातून जायला लागला की पहिलीची मुलं त्याला पूर्ण नावाने, चिरंजीव लावून हाक मारायची.

पहिले काही दिवस वर्ग पार मठ्ठ झाला. भिंतीपलीकडची आरडाओरड थांबली. माझ्या चौथीलासुद्धा चुकल्यासारखं वाटलं. मग हळूहळू पुन्हा एकेक आरोळी यायला लागली, आणि मी भिंतीवर डस्टर आपटायला लागले.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाईंनी सरांकडे परवानगी मागितली. वर्ग बसस्टॉपवर न्यायचा होता.

"रस्त्यावर?" सरांना घाम फुटला.

"परीक्षा तिथलीच हाय ना, सर?"

सरांनी मला सोबत दिलं. रस्त्याची जबाबदारी माझी. मी खेळाच्या सामानातून लांब दोरी काढली आणि प्रत्येक मुलाचा एक हात दोरीवर ठेवला. दोरी सोडली तर खेळ नाही, असं सांगितलं. मनीषाची आई आधीच स्टॉपवर येऊन उभी होती, हाताची घडी घालून. बाकीच्यांची परीक्षा बघायला तिला वेळ नव्हता. ती मनीषासाठी आली होती.

खेळ असा: प्रत्येकाच्या हातात एक पत्ता. येणाऱ्या बसच्या पाटीवर आपला आकडा दिसला की ओरडायचं आणि पत्ता बाईंच्या पिशवीत टाकायचा. ज्याचा पत्ता गेला तो सुटला, त्याने माझ्याजवळ झाडाच्या सावलीत बसायचं.

ऑक्टोबरचं ऊन होतं. बस आली, तीन मुलं ओरडली. दुसरी आली, आणखी पाच. बसवाले चक्रावून बघत होते. बसमध्ये कुणी चढत नाही आणि फुटपाथवर एवढा जल्लोष! एका कंडक्टरने घंटी मारून विचारलं, "कुणी येणार आहे का मंत्री?"

"नाय, तुमचा चार आला," बाई म्हणाल्या.

मनीषाच्या हातात सात होता. तो येईना. सावलीत गर्दी वाढत गेली, दोरीवर थोडीच मुलं उरली. मग वळणावरून एक बस आली. पाटीवर शेवटचा आकडा सात, लख्ख. मला दिसला, बाईंना दिसला, मनीषाच्या आईला दिसला. तिच्या हाताची घडी सुटली.

मनीषा गप्प.

बस थांबली. दोन माणसं उतरली. बस निघाली. मनीषा गप्प.

बाईंनी पिशवीत हात घातला आणि आतले पत्ते पिसायला लागल्या. मनीषाची आई पुढे आली. तिचा आवाज वाघासारखा असायचा, तो खाली आला होता.

"मनी, दिसला न्हाई व्हय गं?"

"दिसला की," मनीषा म्हणाली.

"मग टाकला का न्हाईस?"

"टाकला की झाडाखाली बसावं लागतं. मला अजून खेळायचंय."

आईला पटेना. तिने रस्त्याकडे बोट केलं. लांबून दुसरी बस येत होती, अजून पुरती दिसतही नव्हती. "ती कंची? सांग."

मनीषाने डोळे बारीक केले. "पयला चार. मग एक. मग…" ती थांबली. आम्ही तिघी बसकडे बघत राहिलो. "मग पुन्ना चार. सात न्हाई त्यात. माझा पत्ता ऱ्हाऊ दे."

बस जवळ आली. चार, एक, चार.

"पत्ता दाबून ठिवला!" मनीषाची आई म्हणाली. "बापावर गेली. सगळी बापावर गेली!"

"वैनी, देवाशप्पत," भोईर बाई म्हणाल्या, "हे आमी नाय शिकवलं."

आणि त्या दोघी त्या उन्हात एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. मी दोरी घट्ट धरून उभी होते, कारण हसण्याच्या नादात मुलं रस्त्यावर जातात.

शाळेत परतल्यावर मनीषाची आई गोरे सरांच्या खोलीत गेली. या वेळी दार लोटून बोलली, तरी ऐकू आलंच. "पयली ह्यांच्याकडंच ठिवा, सर. पुढल्या साली आमचा धाकला यायचाय." पत्त्यांबद्दल ती चांगलं काही बोलली नाही. तिच्या घरातलं काही बदललं असंही मी ऐकलं नाही. सातवीचा भूगोल चित्रकलेच्या सरांना मिळाला.

पुढच्या वर्षी मी ती शाळा सोडली. पनवेलला नोकरी मिळाली, घराजवळ होती, विचार करण्यासारखं काही नव्हतं. निरोपाचा नारळ आणि पिशव्या घेऊन मी बसमध्ये बसले. बस वळणावरून निघाली तर स्टॉपवर भोईर बाईंचा नवा वर्ग उभा, दोरीला धरून. दोरी माझीच पद्धत, पण गाठ त्यांनी चुकीची मारली होती. बस थांबली. मी खिडकीतून हात बाहेर काढला, "बाई!" म्हणून हाक मारली, दोनदा.

पोरं आमच्या बसचा नंबर ओरडत होती आणि दोरीच्या टोकाचा एक बारका मुलगा गप्प होता. भोईर बाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. पदर खोचलेला, पिशवी काखेत, त्या त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या आणि त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. घंटी झाली. बस हलली, त्या मुलाचं तोंड उघडलं, आणि तो काय म्हणाला ते मला इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. बाईंनी पिशवी पुढे धरलेली तेवढी दिसली.